ठिपके गेले म्हणजे रोग गेला, असं नाही

सध्या फिरणारा सल्ला असा: मत्स्यालयासाठी आणलेला नवा समुद्री मासा आठवडाभर वेगळ्या टाकीत ठेवा, अंगावरचे पांढरे ठिपके गेले की मुख्य टाकीत सोडा. हे साफ चूक आहे.

ठिपके पाडणारा क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हा परजीवी माशाच्या कातडीत साधारण ३ ते ७ दिवस राहतो, मग आपणहून गळतो. तळाला, दगडाला चिकटून स्वतःभोवती कवच करतो आणि आतल्या आत विभागत जातो. एका कवचातून शेकडो पोहणारे जीव सुटू शकतात. म्हणजे मासा चकाचक दिसतो तेव्हाच खाली पुढच्या हल्ल्याची तयारी चाललेली असते. कवचातला मुक्काम कधी काही दिवसांचा, कधी ४ आठवड्यांचा. म्हणून वेगळं ठेवायचं तर किमान ४ ते ६ आठवडे.

या वेगळ्या टाकीला थाट नको. तळाला वाळू न घातलेली टाकी, हीटर, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि मुख्य टाकीच्या संपमध्ये (गाळणीसाठी खाली जोडलेल्या टाकीत) आधी महिनाभर ठेवून उपयोगी जिवाणू मुरवलेला स्पंज फिल्टर. लाइव्ह रॉक (सूक्ष्मजीव वसलेले समुद्री दगड), कोरलची वाळू तर अजिबात नको. या परजीवीवर पाण्यात घालायचं तांब्याचं औषध ती शोषून घेतात. औषधाची मात्रा टेस्ट किटनेच मोजा, अंदाजपंचे कारभारात मासाच जातो.

आणि गोड्या पाण्याची आंघोळ? ती अंगावरच्या चपट्या कृमींसाठी, कातडीत घुसलेल्या या परजीवीसाठी नव्हे.