'बी.एड., डी.एल.एड. सगळं एकच' म्हणणारा मेसेज पुढे पाठवू नका

रिझल्ट लागले की दरवर्षी पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो माझ्याकडे इतक्या जणांकडून आला की उत्तर द्यायलाच हवं. मेसेजचा सारांश असा: टीचर घडवणाऱ्या कॉलेज ऑफ एज्युकेशनमध्ये इतकी डिपार्टमेंटं आणि इतके कोर्स फक्त फी काढायला ठेवलेत, बी.एड., डी.एल.एड. (प्राथमिकच्या टीचरांचा डिप्लोमा), एम.एड. सगळं एकच, विषय येत असेल तर कोणीही शिकवू शकतो, दोन वर्षं फुकट जातात, आणि बी.एड. एकदा हातात आली की पहिली ते बारावी कुठेही नोकरी चालते.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण त्यानेच पोरांचं खरं नुकसान होतं. बी.एड.वर पहिली ते पाचवी चालत नाही. २०१८ साली एनसीटीईने, म्हणजे टीचर घडवणाऱ्या कोर्सचे नियम ठरवणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, नोटिफिकेशन काढून बी.एड.वाल्यांना प्राथमिकसाठी पात्र ठरवलं होतं, नोकरी लागल्यावर सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स करायचा या अटीवर. ११ ऑगस्ट २०२३ ला सुप्रीम कोर्टाने ते चालणार नाही असं स्पष्ट सांगितलं. त्या तारखेच्या आधी ज्यांची नेमणूक झाली होती त्यांना कोर्टाने नंतर सांभाळून घेतलं, पण आज जी मुलगी डिग्री संपवून प्राथमिक शाळेत शिकवायचं स्वप्न बघतेय तिला याचा काही उपयोग नाही. तिला डी.एल.एड. करावं लागेल, आपल्याकडे गोव्यात ते पर्वरीच्या डाएटमध्ये, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत होतं, आणि त्यावर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. सहावी ते आठवीला डिग्री, त्यासोबत बी.एड. किंवा डी.एल.एड., आणि टीईटीचा दुसरा पेपर, नववी-दहावीला डिग्री आणि बी.एड., हायर सेकंडरीला त्या विषयात पोस्ट ग्रॅज्युएशन आणि बी.एड. म्हणजे कुठल्या वयाच्या पोरांना शिकवायचंय त्यावर कोर्स ठरतो, आणि हे अ‍ॅडमिशनच्या आधी कळलं नाही तर दोन वर्षं आणि घरच्यांचे पैसे दोन्ही जातात.

आता 'सगळं एकच' याबद्दल. डी.एल.एड. बारावीनंतर होतं आणि त्यात लहान मुलांना वाचायला-लिहायला-मोजायला कसं शिकवायचं हाच गाभा असतो. बी.एड. डिग्रीनंतर, ज्या विषयात डिग्री त्या विषयाची मेथड, म्हणजे तो कसा शिकवायचा हे, घेऊन. एम.एड. बी.एड.च्या नंतर, आणि ती शाळेत नोकरी मिळावी म्हणून नसतेच, जे पुढे टीचर घडवणार, अभ्यासक्रम बनवणार किंवा शिक्षणावर रिसर्च करणार त्यांच्यासाठी असते. स्पेशल एज्युकेशनची, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवण्यासाठीची, बी.एड. तर वेगळ्याच कायद्याखाली येते, १९९२ च्या, रिहॅबिलिटेशन कौन्सिलच्या. ज्या आईचं मूल ऐकू न येणारं आहे तिला जाऊन सांगा बघू की सगळं एकच. आणि नव्या शैक्षणिक धोरणानंतर बारावीवर चार वर्षांचा आयटेप, म्हणजे डिग्री आणि बी.एड. एकत्र असलेला कोर्स आलाय, २०२३-२४ पासून काही निवडक ठिकाणी सुरू झालाय, तो आणखी वेगळा.

डिपार्टमेंटं कशाला, याचं उत्तर एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांतच आहे. शंभर विद्यार्थ्यांच्या बी.एड. कॉलेजला सोळा जणांचा स्टाफ लागतो: एक प्रिन्सिपल, चार जण शिक्षणाचं मानसशास्त्र-समाजशास्त्र वगैरे शिकवणारे, आठ जण गणित, सायन्स, सोशल सायन्स आणि भाषांच्या मेथडचे, मग शारीरिक शिक्षण, चित्रकला आणि संगीत-नाटक यांचे एकेक. यातला कुठला माणूस काढायचा ते मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं. बडोद्याच्या विद्यापीठात तर फॅकल्टीचं नावच एज्युकेशन अँड सायकॉलॉजी आहे, कारण मूल कसं शिकतं हे कळल्याशिवाय शिकवणं शिकता येत नाही.

आणि विषय येतो म्हणजे शिकवता येतं, हे तर मला अजिबात पटत नाही. मी हायस्कूलमध्ये गणित शिकवते, आमच्याकडे बी.एड.च्या मुली इंटर्नशिपला येतात. एक मुलगी आली होती, गणितात एम.एससी., फळ्यावरचं अक्षर सुंदर, एकही चूक नाही. अपूर्णांक शिकवून झाल्यावर तिने विचारलं, समजलं ना? सगळा वर्ग एका सुरात हो टीचर. मग तिच्या बी.एड. कॉलेजच्या मॅडमनी मागच्या बाकावरून उठून एवढंच विचारलं की एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश, आणि निम्म्या वर्गाने चतुर्थांश सांगितलं कारण चार तीनपेक्षा मोठे. मुलीचा चेहरा पडला, पण दुसऱ्या दिवशी ती कागदाच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या घेऊन आली, पोरांनाच घड्या घालायला लावल्या, आणि प्रश्न असे विचारले की कोणाला कळलं नाही ते लगेच दिसलं. हे तिला एम.एससी.त कोणी शिकवलं नव्हतं. मायक्रो टीचिंग यासाठीच असतं, सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं ऐकून घ्यायचं, बारा मिनिटांत पाठ परत बसवायचा, परत सहा आणि सहा, आणि हे एकेका कौशल्यासाठी.

आपल्या गोव्यात तर याची गरज जास्तच आहे, सरकारी प्राथमिक शाळेत मराठीतून नाहीतर कोकणीतून शिकलेलं पोर पाचवीत एकदम इंग्रजी मिडियमला बसतं, त्याला गणित येत असतं पण प्रश्न काय विचारलाय तेच कळत नाही, आणि टीचरला हा फरक ओळखता आला नाही तर ते पोर वर्षभर 'ढ' म्हणून मागे बसून राहतं.

दोन वर्षं फुकट? २०१५ पर्यंत बी.एड. एक वर्षाचंच होतं. टीचरांच्या प्रशिक्षणावर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा आयोगाच्या २०१२ च्या अहवालानंतर ते दोन वर्षांचं झालं आणि शाळेतला वेळ वीस आठवड्यांवर गेला, इंटर्नशिपला नव्वद टक्के हजेरी सक्तीची. काही कॉलेजांत हे नुसतं कागदावर होतं, लेसन नोट एकमेकींच्या उतरवतात, ते मलाही दिसतं आणि रागही येतो. पण त्यासाठी त्या कॉलेजला जाब विचारा, कोर्सच नको म्हणू नका.

ज्यांनी मेसेज पाठवलाय त्यांनी निदान त्याच ग्रुपवर पहिली ते बारावीवाली ओळ चुकीची आहे एवढं तरी आजच लिहा. फॉर्म भरायचे दिवस आहेत, आणि ज्यांना प्राथमिकला जायचंय त्या मुली बी.एड.च्या लाईनमध्ये उभ्या आहेत.