हत्यार एकटे जात नाही

गेल्या खंडेनवमीला आमच्या घरी पूजेचा पाट मांडला, तेव्हा त्यावर विळी, कात्री, नेलकटर आणि माझा लॅपटॉप एवढीच शस्त्रे गोळा झाली. सातपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्स खात्यात उभी हयात घालवून निवृत्त झालेले आमचे शेजारचे काका प्रसादाला आले होते. त्यांनी पाटाकडे बराच वेळ पाहिले, झेंडूचे फूल वाहिलेल्या नेलकटरला मनोभावे नमस्कार केला आणि पेढा तोंडात टाकत विचारले, "साहेब, बाकीची हत्यारं धार लावायला दिलीत का?"

मी बँकेत नोकरी करतो, एवढीच सबब माझ्याजवळ होती आणि नाशिकमध्ये ती चालत नाही. ज्या जिल्ह्यात ओझरला लढाऊ विमानांची जुळणी होते आणि ज्या शहराच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतून टपारियाच्या पकडी आणि पाने देशभर जातात, तिथे इंदिरानगरात स्वतःचे घर असलेल्या माणसाकडे साधा स्क्रू ड्रायव्हर नसावा, हे रामकुंडावर राहून पारोसे राहण्यासारखेच होते.

तसे आमचे काही अडत नव्हते. खिळे ठोकायला बत्ता होता, स्क्रू पिळायला भाजीची सुरी होती आणि घट्ट बसलेले काहीही सैल करायला सांडशी होती. फक्त सुरीचे टोक एका बाजूला वळून बसले होते आणि बत्त्याच्या बुडाला खिळ्यांनी पाडलेल्या खळग्यांत वेलदोड्याची पूड जाऊन बसत असे. लहानपणी घरात वडिलांची पत्र्याची पेटी होती, पण त्या पेटीशी माझा संबंध दुरुस्तीच्या वेळी बॅटरी धरण्यापुरता होता, आणि ती मी आयुष्यात एकदाही योग्य जागी धरली नाही, असा वडिलांचा शेवटपर्यंतचा अभिप्राय होता.

अगदीच नड आली की मी काकांकडे जात असे. काका कधीच नाही म्हणत नसत. मात्र "हत्यार एकटं जात नाही, माणूस बरोबर जातो" हा त्यांचा कारखान्यातला नियम निवृत्तीनंतरही लागू होता. त्यामुळे पक्कड मागितली की पकडीसोबत काका येत, काकांसोबत त्यांचा चष्मा येई, चष्म्यासोबत चहा ओघानेच येई, आणि पडद्याचा दांडा लावण्याच्या वीस मिनिटांच्या कामात कारखान्यातल्या दोन संपांचा इतिहास आटोपून दिवेलागण होई. पाटावरच्या त्या नेलकटरने मात्र माझा स्वाभिमान जागा केला आणि मी त्याच रात्री मोबाइलवरून एकशे आठ नगांचा एक संच मागवून टाकला.

संख्या जपमाळेची होती, हा शुभशकुन मी मानला. प्रत्यक्षात त्यातले नव्वदएक नग म्हणजे करंगळीच्या पेरापेक्षाही लहान अशी स्क्रू ड्रायव्हरची टोके होती आणि उरलेल्यांत एक हातोडी होती, जिने अक्रोड फोडतानाही मनाची तयारी करावी लागे. पहिल्याच दिवशी कपाटाच्या बिजागरीचा स्क्रू फिरवताना हत्याराचे टोक झिजून गोल झाले, आणि जाता जाता त्याने स्क्रूच्या डोक्यावरची खाचही गुळगुळीत करून टाकली. तो स्क्रू आजही तसाच आहे. कपाटाचे ते दार आम्ही उघडत नाही, उचलतो.

अशा तयारीत असताना बाथरूमचा नळ गळू लागला. सौ. म्हणाली, "अहो, काकांना हाक मारा." मी गच्चीवर जाऊन टाकीचा कॉक बंद केला, संचातील पान्याचा जबडा नळाला पुरेना म्हणून शेवटी सांडशीनेच नळ काढला आणि नव्या कोऱ्या मेजरिंग टेपने त्याच्या आट्यांचे माप घेतले. ते २१ मिलिमीटर भरले. पाव, अर्धा आणि पाऊण यांच्याशी माझा रोजचा व्यवहार असल्याने मी तिथल्या तिथे हिशेब केला: अर्धा इंच म्हणजे पावणेतेरा मिलिमीटर, पाऊण इंच म्हणजे १९ मिलिमीटर, त्यामुळे नळ पाऊण इंचाचा असून कारखान्याने दोन मिलिमीटर ग्राहकाला प्रेमाने जास्त दिलेले असावेत. हा निष्कर्ष कागदावर लिहून, जुना नळ घरीच ठेवून, मी गावात रविवार कारंजाच्या बाजूला असलेल्या एका हार्डवेअरच्या दुकानात गेलो.

हार्डवेअरच्या दुकानात शिरताना बँकेत प्रथमच आलेल्या खातेदाराला काय वाटत असेल, हे मला त्या दिवशी कळले. माझ्या पुढच्या माणसाने "तीन सुताचा बोल्ट, दोन इंची, वायसर-नटसकट" असे एका दमात म्हटले आणि पुडी घेऊन तो निघूनही गेला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे मला ठाऊक नव्हते. मी तोवर सूत चरख्यावर काततात असे समजत होतो. मी पाऊण इंचाचा नळ मागताच दुकानदाराने चष्म्यावरून पाहिले. "सर, घरात सहसा अर्धाच असतो. जुना नळ आणलाय का?" मी बाणेदारपणे सांगितले की, मी स्वतः मोजून आलो आहे. त्याने फार वाद घातला नाही. गिऱ्हाईक मोजून आले आहे म्हणजे ते संध्याकाळी परत येणार, हे त्या धंद्यातल्या माणसाला माहीत असते.

घरी येऊन पाहतो तो काय, नवा नळ भिंतीतल्या तोंडात जाण्याऐवजी त्या तोंडावर झाकणासारखा बसत होता. त्याचे आटे २६ मिलिमीटरांचे होते. टाकी बंद, घरात पाणी नाही, आई देवपूजेसाठी कळशी घेऊन उभी आणि मी हातात टेप घेऊन जगातल्या सर्व मापांवरचा विश्वास गमावून बसलेलो. सौ.ने काकांना परस्पर बोलावून आणले, तेव्हा मी विरोध केला नाही.

काकांनी जुना नळ हातात घेऊन डोळ्यांसमोर फिरवला. "साहेब, हा अर्धा इंचच." मग त्यांनी समजावून दिले की, हे अर्धा इंच माप जुन्या लोखंडी पाइपच्या आतल्या पोकळीवरून पडलेले नाव आहे, आटे बाहेरच्या अंगाला असतात, त्यामुळे ते २१ मिलिमीटरच भरणार, आणि पाऊण इंचाच्या नळाचे याच न्यायाने साडेसव्वीसच्या घरात जाणार. थोडक्यात, अर्ध्या इंचाच्या नळात अर्धा इंच कुठेच सापडत नाही. आमच्या बँकेत असे खाते निघाले असते तर चौकशी बसली असती. त्याहून वाईट बातमी काकांनी चहा संपल्यावर दिली. नळ मुळात बिघडलेलाच नव्हता, आतला रबरी वायसर तेवढा झिजला होता. तो त्यांच्या खिशात होता. तो बदलून, आट्यांवर पांढरी टेफ्लॉन टेप आट्यांच्याच दिशेने ओढून गुंडाळून (उलटी गुंडाळली की नळ बसवताना ती सुटत जाते, हे सौ.ला कसे ठाऊक होते, देव जाणे) त्यांनी नळ बसवला.

दुसऱ्या रविवारी काका मला स्वतः बाजारात घेऊन गेले. त्यांची निवड करण्याची पद्धत वधूपरीक्षेहून कडक होती. आठ इंची पक्कड त्यांनी उजेडासमोर मिटून धरली आणि जबड्याच्या फटीतून किती उजेड येतो ते पाहिले. मी 'स्टार' स्क्रू ड्रायव्हर मागताच त्यांनी दुकानदारादेखत मला दुरुस्त केले: चार पाकळ्यांचा तो फिलिप्स, स्टार सहा टोकांचा असतो. हा फिलिप्स रेडिओवाला असावा असे मी म्हणालो. तो पेटंट घेणारा एक अमेरिकन गृहस्थ होता, १९३० च्या दशकातला, हे ऐकून रेडिओवाल्यांचा विषय मी मिटवला. पान्यांपाशी पुन्हा माझी गाडी अडली, कारण १३ नंबरचा पाना ८ मिलिमीटरच्या बोल्टला लागतो. पान्यावरचा आकडा बोल्टच्या डोक्याचा, बोल्टचा नव्हे. या व्यवसायात कोणतीही वस्तू स्वतःच्या मापाने ओळखली जात नाही, असे माझे मत झाले आणि ते अजून बदललेले नाही. टेस्टर घेताना काकांनी बजावले की, त्यातला दिवा आपल्याच अंगातून जाणाऱ्या किंचित विजेवर लागतो, म्हणून दिवा लागला नाही तरी विजेवर विश्वास ठेवायचा नाही, मेन स्विच पाडायचा. तेव्हापासून मी टेस्टर दुरूनच पाहतो.

पेटी घरी आली आणि आठवड्याभरात तिचे संसारीकरण झाले. टेप सौ.च्या शिवणाच्या डब्यात गेली. खरी, वजनदार हातोडी नारळासाठी स्वयंपाकघरात गेली आणि खिळे ठोकायला बत्ता पुन्हा माझ्याकडे आला. पान्यांना मात्र कोणी हात लावला नाही, कारण त्यांचा स्वयंपाकात उपयोग नव्हता.

परवा रात्री बेल वाजली. काका दारात उभे होते, आणि मी त्यांना प्रथमच संकोचलेले पाहत होतो. नातू सुटीहून पुण्याला परत जाताना मोटारसायकलसाठी बारा-तेराचा पाना घेऊन गेला होता आणि इकडे जिन्याखालच्या पाण्याच्या मोटरीचा बोल्ट ढिला होऊन मोटर थडथडत होती. "साहेब, तुमच्याकडे असेल ना?" या क्षणाची मी वर्षभर वाट पाहत होतो. मी पेटी उघडली, तेल लावून ठेवलेला पाना फडक्याने पुसला, चष्मा घातला, चपला घातल्या आणि शांतपणे म्हणालो, "काका, हत्यार एकटं जात नाही."

काकांनी मान डोलावली. आम्ही दोघे जिन्याखाली गेलो. तिथे काळोख होता. त्यांनी माझ्या हातातून पाना घेतला, माझ्या हातात बॅटरी दिली, आणि मोटरीखाली डोके घालत म्हणाले, "इकडे धरा, साहेब. इकडे. अहो, माझ्या डोळ्यांवर नको."