आजारी माणसाजवळ कोण थांबणार?

टूर बुक करताना आपण काय काय विचारतो! महाराज सोबत आहे का, जैन जेवण मिळेल का, खिडकीची सीट रोज बदलते का, बॅगेचं वजन किती चालेल, शॉपिंगला वेळ किती. गेल्या एप्रिलमध्ये थायलंडची लेडीज स्पेशल करून आले, आणि तेव्हापासून कुणीही टूरबद्दल विचारलं की मी एकच सांगते. टूर कंपनीच्या ऑफिसातल्या मुलीला आधी विचारा, वाटेत कुणी आजारी पडलं तर तिच्याजवळ कोण थांबणार? "आमचे टूर मॅनेजर पूर्ण वेळ सोबत असतात" असं उत्तर येईल. खोटं नाही ते. पण मॅनेजर एक आणि बसमध्ये बायका पस्तीस. तो हॉस्पिटलात गेला तर बस कोण नेणार, आणि बस घेऊन गेला तर हॉस्पिटलात कोण बसणार?

निघायच्या आधी असलं काही काढलं की लोक म्हणतात, शुभ बोल नाऱ्या! म्हणून कुणी विचारत नाही, आणि कुणी विचारत नाही म्हणून कंपन्याही त्याचा विचार करत नाहीत.

माझं झालं ते किरकोळच होतं. बँकॉकहून कांचनाबुरीला निघालो तेव्हा पहाटेपासून पोट गुरगुरत होतं. साडेपाचला वेक-अप कॉल, सहाला नाश्ता, सातला बस. बाहेर चाळिशीला टेकलेलं ऊन आणि आत शाल गुंडाळावी लागेल असा एसी. तासाभरात मी उठून पुढे गेले आणि मॅनेजरला सरळ सांगितलं, जुलाब होतायत, गाडी थांबवावी लागेल. पोरगा सत्ताविशीतला, कानापर्यंत लाल झाला. पण थांबवली त्याने. थायलंडमधल्या देवळांचे फोटो तुम्ही पुष्कळ पाहिले असतील, मी मात्र तिथल्या हायवेवरच्या पेट्रोल पंपांची भक्त होऊन आले आहे. ओळीने स्वच्छ संडास, भरपूर पाणी, भिंतीला आपल्यासारखाच जेट स्प्रे, बाहेर आलं की समोर सेव्हन-इलेव्हन. ज्यांना युरोपात कागदावर भागवावं लागलंय त्यांना या सुखाची किंमत कळेल.

परत येऊन बसले तर बसमधल्या सगळ्याच डॉक्टर झालेल्या. एकीने ओवा आणि काळं मीठ पुढे केलं, एकीने हिंगाष्टक, एकीने आल्याची वडी. चौथीने पर्समधून अँटिबायोटिकची अर्धी कापलेली स्ट्रिप काढली आणि म्हणाली, "घे गं, आमच्या ह्यांना एका गोळीत गुण येतो." निदानंही झाली. काल नारळाचं आइसक्रीम खाल्लंस ना, त्याचा बर्फ. नाही नाही, तो माशाचा सॉस, सगळ्यात घालतात मेले. मागच्या सीटवरून नजर लागल्याचंही सुचवण्यात आलं. प्रेम होतं सगळ्यात, नाही म्हणत नाही. पण दुसऱ्याच्या नवऱ्याची उरलेली अँटिबायोटिक घेणं म्हणजे शेजाऱ्याचा चष्मा लावून गाडी चालवण्यासारखं आहे. प्रवासातले बहुतेक जुलाब शरीरातलं पाणी आणि क्षार भरून काढत राहिलं की थोड्या दिवसांत आपसूक आवरतात. रक्त पडलं, ताप चढला, काहीच पोटात ठरेना किंवा लघवी कमी झाली, तर मात्र घरगुती उपाय बंद आणि डॉक्टर.

कांचनाबुरीला सगळ्या क्वाई नदीच्या पुलावर फोटो काढायला गेल्या. त्याआधी युद्धस्मशान दाखवलं होतं. जवळजवळ 7,000 कबरी आहेत तिथे, एकसारख्या ओळीत, कापलेल्या हिरवळीवर. 1942-43 मध्ये जपान्यांनी या पुलावरून जाणारा, थायलंड ते ब्रह्मदेश असा 415 किलोमीटरचा लोहमार्ग युद्धकैद्यांकडून आणि मजुरांकडून बांधून घेतला. 12,000 हून जास्त युद्धकैदी त्यात मेले. मलायातून आणलेले तमिळ मजूर, ब्रह्मी, जावामधले लोक, हे त्याच्या कित्येक पटींनी गेले, आणि त्यांच्या नावाच्या अशा ओळी कुठे नाहीत. पुष्कळ जण गेले ते हगवणीने आणि पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने. आजाऱ्यांनाही कामावर हाकलत. मी सावलीतल्या बाकावर पाण्याची बाटली धरून बसले होते आणि दगडावरची वयं डोळ्यांपुढून हलत नव्हती. बावीस, चोवीस, सव्वीस. माझ्या आजाराचं त्यांच्याशी काही नातं लावायचं नाही मला, तेवढी अक्कल आहे. पण पोट बिघडण्याला हसण्यावारी न्यायची सवय मात्र तिथे सुटली.

जेवायला थांबलो तेव्हा आमची थाई गाइड मला जवळच्या फार्मसीत घेऊन गेली. बाहेर हिरवा क्रॉस, आत पांढऱ्या कोटातली, माझ्या मुलीच्या वयाची फार्मसिस्ट. तिने गोळ्यांना हात लावायच्या आधी प्रश्न विचारले. कधीपासून, किती वेळा, रक्त आहे का, उलटी होतेय का, बीपी-शुगरची काही औषधं चालू आहेत का, कशाची अॅलर्जी? मग कपाळाला थर्मामीटर लावला. दिली काय, तर ओआरएसच्या पुड्या आणि कोळशाच्या काळ्या गोळ्या. त्यांनी शौचाला काळं होईल, घाबरू नका, आणि बाकीची औषधं यांच्याबरोबर घेऊ नका, मध्ये अंतर ठेवा, हे तिने गाइडकडून दोनदा वदवून घेतलं. एक पुडी तिथेच पाण्यात विरघळवून मला प्यायला लावली. घटाघट नाही, घोट घोट.

या पुडीमागे आपल्याकडचा माणूस आहे. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ होती, सलाईन संपत आलं होतं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपात मीठ-साखरेचं पाणी कालवून लोकांना प्यायला दिलं. मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं, ते 4 टक्क्यांच्या खाली आलं. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. फ्रिजमधली गोड रंगीत पाण्याची बाटली म्हणजे ओआरएस नव्हे, मग लेबलवर काहीही छापलेलं असो.

दुसऱ्या दिवशी बँकॉक दर्शन होतं, ग्रँड पॅलेस आणि वाट पो हे बुद्धाचं देऊळ. मी येत नाही म्हटल्यावर जे सुरू झालं ते जुलाबांपेक्षा थकवणारं होतं. "अगं एवढे पैसे भरलेत!" "बसमध्ये बसून राहा हवं तर." भर दुपारी उभ्या बसमध्ये बसून राहायला सांगणारी माणसं मला आजारी वाटतात, पण ते जाऊ दे. खरा पेच माझ्या रूम पार्टनरचा होता. ट्विन शेअरिंगमध्ये कंपनीने जुळवून दिलेली, सांगलीची, बँकेतून निवृत्त झालेली. चार दिवसांपूर्वी आम्ही एकमेकींना ओळखतही नव्हतो. सगळ्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू मागे राहणं तिच्याकडे आपोआपच आलं. तीही तयार झाली होती. मी तिला जवळजवळ ढकलून बसमध्ये बसवलं. पहिला पासपोर्ट एकसष्टाव्या वर्षी काढलेल्या बाईने माझ्या पोटासाठी वाट पो का चुकवावा?

आणि चुकला असता तर केवढं चुकलं असतं! तिथला 46 मीटरचा पहुडलेला बुद्ध सगळ्यांना ठाऊक असतो. पण तिसरा राम नावाच्या थाई राजाच्या काळात, 1830 च्या दशकात, त्या देवळात शिळांवर ज्ञान कोरून ठेवलं, चौदाशेवर शिलालेख, त्यात औषधांच्या कृती आहेत, मालिश कुठे दाबून करायचं त्याच्या आकृत्या आहेत. ज्याला वैद्य परवडत नाही त्यानेही येऊन वाचावं. थाई मालिशवाले आपली परंपरा बुद्धाचा वैद्य जीवक याच्याशी जोडतात, म्हणजे थेट मगधाशी. पार्टनरने सगळ्याचे फोटो पाठवले. मी पलंगावर पडून औषधांच्या देवळाचे फोटो पाहत होते.

मग रिसेप्शनवरच्या मुलीने मला जोक खाऊ घातला. जोक म्हणजे तांदूळ पार गळेपर्यंत शिजवलेला, आपल्या पेजेपेक्षा थोडा दाट. एरवी त्यात डुकराच्या खिम्याचे गोळे आणि अंडं घालतात. तिने गल्लीतल्या गाडीवरून माझ्यासाठी नुसता साधा आणवला, वर आल्याचे केसासारखे बारीक काप. पाणी मांसाचं असू शकतं, हेही तिने आधी सांगितलं, म्हणजे शाकाहारी असाल तर नीट विचारून घ्या. मी रत्नागिरीची, माशावर वाढलेली, मला चाललं. आंब्याच्या लोणच्याची एक फोड बॅगेत होती ती लावली आणि वाटीभर पोटात टिकलं. दर दोन तासांनी ती मुलगी दार वाजवून बघून जायची. तिची ड्युटी नव्हती ती. आणि माझं म्हणणं तेवढंच आहे, की ती कुणाची तरी ड्युटी असायला हवी.

पुढे पट्टायाला जे झालं त्यावरून हे जास्त पटलं. आमच्यात सत्तरीच्या एक काकू होत्या, मधुमेह जुना. थायलंडचं घड्याळ आपल्यापुढे दीड तास, त्यात नाश्ता पहाटे, जेवण कधी दीडला तर कधी तीनला. गोळी घेतलेली आणि पोटात काही नाही, म्हणून रक्तातली साखर उतरलेली. त्यांना दोन दिवस घाम सुटत होता, हात थरथरत होते, पण ग्रुपला आपल्यामुळे उशीर नको म्हणून गप्प. कोरल आयलंडच्या स्पीडबोटीसाठी धक्क्यावर उन्हात रांग लागली तिथे खाली बसल्या त्या उठेनात. कुणीतरी तोंडात साखर घातली म्हणून बरं. पुढे हॉस्पिटल. तिथे पहिला प्रश्न इन्शुरन्सचा, आणि फॉर्ममध्ये मधुमेह लिहिलेलाच नव्हता. भरणाऱ्याने "कशाला उगाच प्रीमियम वाढवता" म्हणून गाळला होता. मॅनेजर त्यांच्यासोबत, तो दिवस आमचा गाइडच्या भरवशावर, संध्याकाळच्या शोला पोचायला उशीर. मग बसमध्ये कुजबुज. "झेपत नाही तर यायचं कशाला?"

हे बोलणाऱ्या बायका दुष्ट नव्हत्या. आदल्या दिवशी त्याच काकूंची बॅग उचलत होत्या. पण कार्यक्रमच असा ठासून भरलेला की एकीचा तास गेला तर चौतीस जणींचा जातो. आणि तो ठासून कुणी भरला? दोन कंपन्यांची पत्रकं शेजारी ठेवून आपणच ठिकाणं मोजतो आणि जास्त ठिकाणांची टूर घेतो. मध्ये एक मोकळी दुपार दिसली की आपल्याला पैसे फुकट गेल्यासारखं वाटतं. त्यामुळे सगळा दोष कंपनीवर ढकलून मला मोकळं व्हायचं नाही.

जाणार असाल तर थोडं. इन्शुरन्सच्या फॉर्मवर बीपी, शुगर, थायरॉइड सगळं स्वतःच्या हाताने लिहा. भरती व्हायची वेळ आली तर पॉलिसीवरच्या असिस्टन्स नंबरला आधी फोन, आणि बाहेरून घेतलेल्या प्रत्येक गोळीचं बिल जपायचं. औषधं मूळ स्ट्रिपमध्येच न्या, प्रिस्क्रिप्शनवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, आपला ब्रँड तिथे कुणाला कळत नाही. झोपेच्या गोळ्या, ट्रमाडॉल हे वेदनाशामक, कोडीन असलेली खोकल्याची औषधं यांवर थायलंडचे नियम कडक आहेत, निघण्याआधी चौकशी करा. अॅम्ब्युलन्ससाठी 1669, टूरिस्ट पोलिसांसाठी 1155. हॉटेलचं कार्ड थाई अक्षरांतलं, गळ्यात नाहीतर पर्समध्ये. आणि परत आल्यावर आठ-दहा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना थायलंडहून आल्याचं सांगायचंच. डेंग्यूचा डास चावल्यापासून ताप यायला 4 ते 10 दिवस लागतात, आणि डेंग्यूची शंका असताना ब्रुफेन, अॅस्पिरिन चालत नाही.

आता कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणारच, की इतकं आहे तर स्वतःचं स्वतः जावं, ग्रुपने कशाला. माझी सांगलीची पार्टनर एकटी बँकॉकला जाणार नाहीये. त्या काकूही नाहीत. मुलं अमेरिकेत, नवरा गेलेला किंवा त्याला प्रवासाचा कंटाळा, अशा हजारो बायकांना ग्रुप टूर हाच एक रस्ता आहे, आणि या वयात गोळ्यांचा डबा सोबत असतोच. दुसऱ्या मॅनेजरचा पगार मागत नाहीये कुणी. ज्या शहरात मुक्काम आहे तिथला, थोडं इंग्रजी बोलणारा एक माणूस, गरज पडली तर दिवसभरासाठी हॉटेलात येऊन थांबेल असा आधीच ठरवून ठेवायचा. त्याचे दिवसाचे किती बात (थाई चलन) होतात ते कंपन्यांनी पत्रकात छापावं आणि पस्तीस जणींत वाटून आमच्या बिलात लावावं. आम्ही भरू.