दीड पानाची सूचना

कुत्रा आणि मांजर दोघांनाही घेऊन प्रवास करता येत नाही हे कळायला आम्हाला एकच प्रवास पुरला, म्हणून या वेळी बंड्या आणि चिंगीला आठ दिवस गावाबाहेरच्या एका केनेलमध्ये ठेवायचं ठरलं. ठरवणं सोपं होतं हो. पुढचं नाही.

आधी लसीकरणाचं पुस्तक मागितलं. रेबीज झालेलं, बाकीचं वार्षिक इंजेक्शनही झालेलं, फक्त केनेल कफची लस राहिलेली. चार कुत्री एका जागी आली की हा खोकला पटापट पसरतो, घशात काहीतरी अडकल्यासारखं खोकतात बिचारी, म्हणून लसीशिवाय प्रवेश नाही. ती नाकातसुद्धा घालतात हे मला व्हेटकडे गेल्यावर कळलं, आणि बंड्याला माझ्या दोन सेकंद आधी.

चिंगीसाठी म्हणे कॅरियर चार-पाच दिवस आधीच उघडा ठेवायचा, आत तिची चादर टाकायची, म्हणजे सवय होते. सवय झाली. पाचही दिवस ती कॅरियरच्या डोक्यावर जाऊन झोपली. निघायच्या दिवशी मात्र आत घालायला गेलो तर मांजराला चार पाय असतात हा माझा गैरसमज दूर झाला, कॅरियरच्या दारात ते किमान नऊ होतात आणि प्रत्येकाला नखं असतात.

शेवटी कच्चा रस्ता लागला, रेंज गेली, मॅप गोल गोल फिरत बसला, पण आता भुंकणं ऐकू येत होतं त्यामुळे मॅपची गरजही नव्हती. मांजरांची खोली कुत्र्यांपासून लांब, पार पलीकडच्या टोकाला, आत उंच फळ्या आणि लपायला खोकी. हे बघून जरा बरं वाटलं. मग केनेल चालवणाऱ्या काकांनी फॉर्म पुढे केला. ‘चावतो का?’ बायकोने लिहिलं ‘नाही’, मी वर बारीक अक्षरात ‘अजून’ घातलं. ‘खाण्याच्या सवयी’ला दोन ओळींची जागा होती, मी घरूनच दीड पान लिहून आणलं होतं: बंड्या भांड्याला आपणहून तोंड लावत नाही, पहिला घास हाताने द्यावा, शेजारी जमिनीवर बसावं, मधेमधे ‘शहाणा माझा’ म्हणावं, उठून गेल्यास जेवण बंद. काकांनी सगळं वाचलं, घडी करून खिशात घातलं आणि म्हणाले, "बरं." खाणं नेहमीचंच दिलं होतं, कारण अचानक बदललं की पोट बिघडतं. माझा न धुतलेला टी-शर्टही दिला, ओळखीचा वास असला की कुत्रा शांत राहतो म्हणून. बंड्याने मागे वळून पाहिलं नाही. टी-शर्टकडे तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी कळलं, चिंगीने काही खाल्लं नाही. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर लिव्हरवर येऊ शकतं हे मी नेमकं वाचून ठेवलेलं, त्यामुळे त्या रात्री मीही धड जेवलो नाही, बायको व्यवस्थित जेवली. सकाळपासून फोन लावतोय तर रेंज नाही. दुपारी एकदाचा लागला. काका म्हणाले, "अहो, रात्री उठून सगळं संपवलं तिने. आता माझ्या खुर्चीत झोपलीये."
"मग तुम्ही?"
"मी उभा आहे."

आठ दिवसांनी आणायला गेलो तर बंड्याचा भुंकून भुंकून आवाज बसलेला, अंगावर उडी मारली आणि लगेच परत काकांच्या पायाशी जाऊन बसला. चिंगीने मला पाठ दाखवली. मी भीतभीत विचारलं, "जेवणाचा त्रास झाला असेल ना फार?"

"कसला त्रास? भांडं ठेवलं की एका मिनिटात साफ. शेजारचंही बघत होता." आणि खिशातून माझं दीड पान काढून परत दिलं, घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

घरी आलो, भांडं भरून ठेवलं. बंड्या आला, भांड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तोंड फिरवून बसला. बायको हसत आत गेली. मी पाच मिनिटं ताठ उभा राहिलो बरं का, अगदी काकांसारखा. मग खाली बसलो.

"शहाणा माझा," म्हटलं, आणि पहिला घास उचलला.