सात नंबरच्या बास्केटचा ताबा

परवाच्या रविवारी एका मेथीच्या जुडीने माझ्या टूर्नामेंटचा निकाल लावला, आणि त्या जुडीचे पैसेही मीच भरले. चाळीस रुपये. मेथी तीसची होती, वरचे दहा मनस्तापाचे. मनस्ताप त्यांचा, माझा नाही.

आधीचं पटकन सांगून टाकते. मी डिस्क गोल्फ खेळते आणि आता अंगावर घेतल्यासारखं त्याच्या टूर्नामेंटपण भरवते. गोल्फच, पण काठी आणि बॉलऐवजी हाताने फेकायची चकती, आणि जमिनीतल्या भोकाऐवजी लोखंडी बास्केट: मधे दांडा, कमरेच्या जरा खाली जाळीचा गोल ट्रे, वर एक पट्टी आणि पट्टीपासून ट्रेपर्यंत लोंबणाऱ्या साखळ्या. चकती साखळ्यांवर आपटून ट्रेमध्ये पडते तेव्हा जो खण्ण आवाज येतो त्याचं व्यसन लागतं, एवढंच. कमीत कमी फेकींत जो संपवेल तो जिंकला. बाहेरच्या देशांत बहुतेक कोर्स पब्लिक पार्कातच असतात, बास्केट कायमच्या गाडलेल्या, लोक येतात, फुकट खेळतात, घरी जातात. आपल्याकडे कायमचं काय गाडणार, म्हणून आम्ही साकीनाक्याच्या एका वेल्डरकडून नऊ बास्केट बनवून घेतल्या (तो शेवटपर्यंत विचारत होता, "मॅडम, मुर्गी के लिए है क्या?"), पहाटे टेंपोतून आणायच्या, गार्डनमध्ये मांडायच्या, नऊचे दोन राउंड करून अठरा होल खेळायचे आणि दुपारी गेट बंद व्हायच्या आत उचलायच्या.

परवानगीचं सांगायला नको खरं तर, पण सांगतेच. टेबलापलीकडचे साहेब अर्ज वाचून म्हणाले, "गोल्फ म्हणजे खड्डे आले."

"नाही साहेब, खड्डे नाहीत. बास्केट आहेत, नुसत्या ठेवायच्या."

"अर्जात अठरा होल लिहिलंय."

"ते नुसतं म्हणायचं असतं."

"म्हणजे अठरा खड्डे. ते बुजवायचं डिपॉझिट लागेल."

या शहरात रस्त्यावरच्या खड्ड्यात पडायला कुणाची एनओसी लागत नाही, आणि नसलेले खड्डे बुजवायला आगाऊ पैसे! शेवटी पत्र मिळालं, त्यात अट क्रमांक एक, खड्डे खणू नयेत. आणि पत्र हातात देताना साहेबांनी माझ्या मागे बघून विचारलं, "मेन ऑर्गनायझर सर नाही आले?" मागे पाण्याचा कूलर होता. मी म्हटलं मीच आहे. "नाही, बरोबर आहे," ते म्हणाले, "पण सर कोण आहेत?" हे मी हसत हसत सांगते सगळ्यांना, पण त्या दिवशी जिन्यात आल्यावर हसू आलं नव्हतं.

असो. रविवार. आमच्या खेळात शॉटगन स्टार्ट असतो, म्हणजे बंदूक वगैरे नाही, सगळे ग्रुप वेगवेगळ्या होलवर उभे राहतात आणि एकाच वेळी सुरू करतात. लाउडस्पीकरला अर्थातच परवानगी नव्हती, म्हणून मी सात वाजता शिट्टी मारली आणि त्याच सेकंदाला गार्डनच्या हास्यक्लबचं हा-हा-हा सुरू झालं, त्यामुळे लांबच्या दोन ग्रुपांना वाटलं आपल्यालाच कोणीतरी हसतंय. शिट्टी कळलीच नाही. त्यांना सांगायला पळत निघाले आणि वाटेत सात नंबरच्या बास्केटमध्ये मला ती पिशवी दिसली.

कापडी पिशवी, साड्यांच्या दुकानाची, ट्रेमध्ये व्यवस्थित बसवलेली, तोंड उघडं, आत मेथी आणि वर केळीच्या पानात थोडी फुलं. बाजूला एक काका हात वर-खाली करत उभे. हाफ पँट, पांढरे कॅनव्हासचे शूज आणि माकडटोपी, कारण जानेवारी होता आणि मुंबईत बावीस डिग्री म्हणजे आपल्याला काश्मीर.

"काका, ही पिशवी तुमची का?"

"हो. चांगली सोय केलीये हो. आधी झाडाला लावायचो, मुंग्या चढायच्या."

"काका, ही सोय नाहीये, हे खेळाचं आहे. आमची टूर्नामेंट चालू आहे."

"कधीपासून?"

"सात वाजल्यापासून."

"मी साडेसहाला ठेवलीये."

एवढं बोलून ते परत हात वर-खाली करायला लागले. मला वाटलं ऐकू कमी येत असेल. मी परत सगळं समजावलं, मोठ्याने, हातवारे करून, चकती दाखवून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी स्मॉल कॉजेस कोर्टात शिरस्तेदार होतो. आख्खी नोकरी मालक विरुद्ध भाडेकरू. 1947 चा भाडे कायदा कोळून प्यायलो, मग 1999 चा आला तोही प्यायलो. मालक गेले, मालकांची पोरं गेली, वकील गेले, पण भाडेकरू जिथे होता तिथेच आहे. का? ताबा."

"पण काका, बास्केट माझी आहे. बिल आहे माझ्याकडे."

"मालकी तुमचीच! कोण नाही म्हणतंय? मी ताब्याचं बोलतोय."

आता यावर काय बोलणार? मी म्हटलं मग काय नोटीस देऊ का, तर म्हणे द्या ना, लेखी द्या, पिशवीवर डकवा, दोन साक्षीदार घ्या. मी वैतागून पिशवी उचलायला हात पुढे केला तर केवढ्याने ओरडले, "हात लावू नका! देवाची फुलं आहेत!" तगर आणि जास्वंदी. दहा पावलांवर तगर आणि जास्वंदीची झाडं होती आणि त्यांच्या मधोमध बोर्ड होता, फुले तोडू नयेत.

"ही इथलीच तोडलीत ना काका?"

"तोडली नाहीत. वेचलीत."

"जास्वंद वेचता येते?"

"वाकली होती."

तोपर्यंत त्यांचे चार वॉकर मित्र जमले. चौघंही माझ्याविरुद्ध. एक म्हणाले दुसऱ्या टोपलीत खेळा की, नऊ आहेत तुमच्याकडे, एका पिशवीचं काय घेऊन बसलात. दुसऱ्यांनी विचारलं हे कोणत्या नगरसेवकाचं आहे. तिसरे म्हणाले बाई, तुमचे साहेब कुठे आहेत त्यांना बोलवा, आपण बोलू. हे पण आलेच! मी म्हटलं साहेब नाहीत, मीच साहेब. शेवटी काकांनी उदार मनाने तोडगा काढला. ते दोन फेऱ्या मारून येतील आणि मग पिशवी काढतील. "तोपर्यंत जैसे थे," म्हणाले, आणि चालायला लागले.

मला राग कशाचा येतो सांगू का. आझाद मैदानावर 22 पिचेस आहेत. एका मॅचचा पॉइंट दुसऱ्या मॅचच्या स्क्वेअर लेगला पाठ लावून उभा असतो, लेदरचा बॉल कुठूनही येतो, आणि चर्चगेटला जाणारी माणसं त्यातून डबा आणि छत्री घेऊन आरामात चालत जातात, मान सुद्धा वळवत नाहीत. कांगा लीग 1948 पासून भर पावसात, चिखलात चालते आणि त्याचं आपण कौतुक करतो, मीपण करते, माझे बाबा खेळलेत. गल्लीत काच फुटली तरी "पोरं आहेत" म्हणून सोडून देतात. पण पावणेदोनशे ग्रॅमची प्लास्टिकची चकती दिसली की सगळ्यांना सार्वजनिक सुरक्षा आठवते. अहो, आमच्या नियमातच आहे की कोणी माणूस टप्प्यात असेल तर फेकायचंच नाही, थांबायचं. आणि आम्ही थांबतो! परवा अर्धी टूर्नामेंट आम्ही नुसते थांबलोच होतो, कारण मुंबईतले मॉर्निंग वॉकर चौघे एका रांगेत चालतात आणि मुद्द्याचं काही निघालं की मधेच उभे राहतात. पाच नंबरच्या फेअरवेमध्ये, म्हणजे फेकायच्या वाटेतच, दोन काकू एका लग्नाचं केटरिंग किती वाईट होतं यावर उभ्या होत्या. मीपण ऐकत उभी राहिले शेवटी, बासुंदी आंबट होती म्हणे.

तर सात नंबर. दोन फेऱ्या म्हणून गेलेले काका परत आलेच नाहीत, कुठेतरी प्राणायामाला बसले असणार, आणि नेमका लीडिंग ग्रुप सातवर पोचला. त्यांच्या मागचा ग्रुप येऊन थांबला, त्याच्या मागे अजून एक. जैसे थे मीच कबूल केलेलं, त्यामुळे पिशवीला हात लावायची कुणाची हिंमत नाही. शेवटी पहिल्या नंबरवरचा मुलगा म्हणाला जाऊ दे, मारतो. आठेक मीटर असेल. दहा मीटरच्या आत असलं की पुढे तोल न जाता, जागेवर स्थिर राहून टाकावं लागतं, तसं त्याने अगदी छान टाकलं. चकती साखळ्यांवर आपटली, खण्ण, आणि अलगद खाली पिशवीत जाऊन बसली. फुलांवर.

आमच्या खेळाला अंपायर नसतो, ग्रुपच बहुमताने ठरवतो. तिघांचा ग्रुप, एक म्हणाला आत, एक म्हणाला बाहेर, आणि तिसरा म्हणाला मी कॉफी आणतो. बाहेर म्हणणारा दुसऱ्या नंबरवर होता, आयटीवाला, त्याने रुलबुक लॅमिनेट करून आणलं होतं. त्याचं म्हणणं, चकती ट्रेच्या किंवा साखळ्यांच्या आधाराने थांबली तरच होल पूर्ण, ही तर मेथीच्या आधाराने थांबलीये. पहिला म्हणाला, आणि मेथी कुणाच्या आधाराने थांबलीये? अपील टूर्नामेंट डायरेक्टरकडे, म्हणजे माझ्याकडे. मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून आवाज आला, "सोपं आहे."

आले काका. आता बरोबर चार नाही, सातआठ जण.

"माझी पिशवी मूळ भाडेकरू. चकती पिशवीत, म्हणजे चकती पोटभाडेकरू. पोटभाडेकरूचा हक्क मूळ भाडेकरूतून येतो. पिशवी ट्रेमध्ये कायदेशीर असेल तर चकतीपण कायदेशीर. बोला मॅडम, पिशवी कायदेशीर आहे का?"

बघा कसं पकडलं. चकती आत म्हटलं तर पिशवीचा ताबा मान्य केला, आणि बाहेर म्हटलं तर त्या बिचाऱ्याचा इतका सुंदर पुट, म्हणजे बास्केटजवळची ती शेवटची फेक, फुकट. मी वेळ काढायला म्हटलं, काका, या खेळाचे नियम लिहिलेले आहेत, असं मनाने नाही ठरवता येत. तर म्हणे कुणी लिहिले? मग मला सांगावंच लागलं की एड हेड्रिक नावाचा एक अमेरिकन माणूस होता, फ्रिस्बी बनवणाऱ्या कंपनीत कामाला, त्याने 1975 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका पार्कात पहिला कोर्स केला, पुढच्या वर्षी खेळाची संघटना काढली, ही साखळ्यांची बास्केटपण त्याचीच. काका लक्ष देऊन ऐकत होते, छान वाटलं मला, म्हणून ओघात पुढचंही सांगितलं, की त्याचं खेळावर इतकं प्रेम की 2002 मध्ये तो गेल्यावर त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून चकत्या बनवल्या.

एकदम शांतता.

"रक्षा?" काका म्हणाले. "माणसाची?"

"हो, म्हणजे..."

"आणि ती तुम्ही माझ्या देवाच्या फुलांवर टाकलीत?"

मी जीव तोडून सांगितलं की ही चकती त्यातली नाही, त्या मोजक्याच होत्या, ही ऑनलाइन मागवलीये, कुरिअरने आलीये, बॉक्स दाखवते. पण ऐकतंय कोण, एक मित्र म्हणाले सुतक लागतं का हो याला, दुसरे म्हणाले परदेशातल्या माणसाचं नाही लागत. केटरिंगवाल्या काकूपण आल्या. त्या म्हणाल्या मेथी तरी कशी खाणार आता. तेव्हा मी पाकीट काढलं, पैसे दिले आणि निकाल जाहीर केला: पिशवी ट्रेमध्ये, चकती पिशवीत, होल पूर्ण.

"म्हणजे पिशवी कायदेशीर," काका म्हणाले. "लिहून द्या."

दुसऱ्या नंबरवाला एका फेकीने हरला. आमचा ग्रुप सोडून गेला, जाताना "मॅडम प्रेशरमध्ये आल्या" असं टाकून गेला, आणि हे मला खरंच लागलं, कारण नियम वाचून मी तोच निकाल दिला असता, काका असते नसते तरी. आता हे कुणाला पटवणार? बक्षीस समारंभाला ज्येष्ठ म्हणून काकांच्या हस्ते ट्रॉफी द्यावी असं कुणीतरी सुचवलं, कोणी ते कळलं की सांगते. काकांनी सार्वजनिक जागा आणि नागरिकांचे हक्क यावर भाषण केलं. गार्डनच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो फिरतोय त्यात मधोमध काका आणि ट्रॉफी, कडेला माझा उजवा दंड. कोपरापर्यंत.

आणि काल कळलं की काकांनी त्याच ऑफिसात अर्ज दिलाय, स्वतःच्या मोत्यासारख्या कोर्टी अक्षरात, की उद्यानात फिरायला येणाऱ्या नागरिकांसाठी ट्रे असलेले पिशवी-स्टँड कायमस्वरूपी बसवावेत, नमुन्याचा फोटो सोबत जोडला आहे. नमुना म्हणजे माझी सात नंबरची बास्केट. ते गाडायला खड्डे खणावे लागतील, ते आता चालतात वाटतं. अर्जाला इनवर्ड नंबर त्याच दिवशी मिळाला, मला त्याच नंबरसाठी दोन ऋतू जाऊ द्यावे लागले होते.

आज सकाळी त्यांचा मेसेज आलाय, साकीनाक्याच्या वेल्डरचा नंबर पाठवा. मी नोटिफिकेशनमधूनच वाचलाय. उघडलेला नाही.