लायनर फ्लश करा म्हणे! आधी स्वतः करून दाखवा

कापडी डायपरच्या आत शी झेलायला जी पातळ पट्टी घालतात, त्या लायनरच्या पाकिटावर ‘फ्लश करता येतो’ असं छापायची कल्पना ज्या महाभागाच्या डोक्यातून निघाली, त्याला एकदा तुंबलेल्या कमोडसमोर उभं करायला हवं. नुसतं उभं नाही, हातात तार देऊन.

फ्लश करता येतो! अहो, मोजाही फ्लश करता येतो. बाळाचं खेळणंही येतं. बटण दाबलं की डोळ्यांसमोरून गेलं, एवढाच निकष असेल तर काय वाट्टेल ते जाईल. पुढच्या वळणावर त्याचं काय होतं, ते बघायला पाकीटवाले येणार आहेत का?

टॉयलेट पेपर पाण्यात पडला की त्याचे आखूड तंतू भराभर सुटे होतात, तो बनवलेलाच तसा असतो. लायनरचं बरोब्बर उलटं. ते न विणलेलं कापड असतं, तंतू एकमेकांत अडकवून, दाबून, नाहीतर चिकटवून पक्के केलेले. का? तर सूने भिजला तरी फाटू नये आणि शीचं ओझं पेलून अलगद उचलता यावा. त्याची सगळी करामत ओलं असताना न फाटण्यात आहे. मग तोच लायनर पाइपात उतरल्यावर गुण कसा काय बदलणार?

आणि कहर म्हणजे त्याच पाकिटावर, दोन ओळी खाली: ‘फक्त सू झाली असेल तर धुऊन परत वापरा.’ म्हणजे वॉशिंग मशीनमध्ये गरम पाण्यात, साबणात, तासभर गरागरा फिरूनही हा टिकणार, पण कमोडमधल्या थंड पाण्यात लगेच विरघळणार! यातलं एक काहीतरी नक्की खोटं आहे ना? कुणी वाचत नाही का छापायच्या आधी?

आमच्या प्लंबरने जे बाहेर काढलं, त्यात विरघळलेलं काही नव्हतं. करडा, पिळवटलेला, केसांनी गुंडाळलेला लांबलचक गठ्ठा. एका टोकाला तर रोलमधून फाडतानाची टोचलेली कडसुद्धा शाबूत होती. तो काही बोलला नाही, गठ्ठा तारेच्या टोकावर माझ्यासमोर धरून उभा राहिला फक्त. मी पाकीट दाखवलं. तो हसला. पैसे मात्र हसून कमी केले नाहीत.

‘पण बांबूचा आहे, निसर्गात विघटन होतं!’ हो का? बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून त्यातून काढलेला व्हिस्कोजचा धागा असतो तो. कधीतरी कुजेलही बिचारा. पण कमोड आणि पहिलं वळण यांच्यामधल्या अंतरात नाही कुजत. आणि काही लायनर तर सरळ पॉलिप्रॉपिलीनचे, म्हणजे शुद्ध प्लास्टिक, तरी पाकिटावर हिरवं पान आहेच. कशापासून बनलाय हे बघायचं तर भिंग घ्या. काहींवर ते शोधूनही सापडत नाही.

बरं, धुऊन परत वापरायचं म्हणाल तर त्यातही सगळा आनंदच. थोडे जाडसर असतील तर ठीक, धुतल्यावर नव्यापेक्षा मऊ लागतात, हे मान्य. पातळ मात्र धुतले की संपलं. चोळामोळा होऊन त्यांच्या चिंध्या होतात, लव सगळ्या कपड्यांना चिकटते आणि डायपरच्या वेल्क्रोच्या आकड्यांत तर अशी जाऊन बसते की वेल्क्रो धरेनासा होतो. मग बसा सुईने कोरत. जाळीच्या पिशवीत घालून धुवा, असा सल्ला मिळतो. घातले. लव पिशवीच्या आत राहिली, लायनरही चिंध्यांच्या रूपात आतच राहिला. जो वाचला तो वाळत टाकला, तर घरातलं कुणीतरी वापरलेला टिशू समजून कचऱ्यात टाकणार. दर वेळी. आणि वर मलाच विचारणार, ‘हे असलं दोरीवर कशाला ठेवतेस?’

अजून एक. लायनर म्हणे क्रीमपासून डायपर वाचवतो. खरं आहे ते, पेट्रोलियम जेली किंवा झिंक ऑक्साइडचं जाड क्रीम कापडात मुरलं की त्याचा थर बसतो आणि कापड पाणी शोषायचं सोडतं. पण तोच क्रीमने माखलेला लायनर मग डायपरसोबत मशीनमध्ये टाकून धुवायचा? म्हणजे जे एका डायपरला लागू नये म्हणून एवढा खटाटोप केला, ते सगळ्यांना वाटून द्यायचं! क्रीमवाला लायनर सरळ कचऱ्यात जायला हवा, हे सांगायला पाकिटावर एक शब्द खर्च होत नाही.

आणि नुकतं बाळ झालेल्यांना हे लायनर पहिल्या दिवसापासून गळ्यात मारतात त्याचं काय? बाळ नुसतं आईच्या दुधावर असतं तेव्हा शी पातळ, पाण्यात सहज निघून जाणारी. ती लायनरवर थांबतच नाही, बाजूने जाते, आरपार जाते, पाठीवर चढते. लायनर बापुडा बाळाच्या बोच्यात गोळा होऊन बसलेला असतो. त्याचं खरं काम सहाएक महिन्यांनी, वरचं खाणं सुरू झाल्यावर. तोवर कुणी रोलच्या रोल विकत असेल, तर तो आपलं दुकान चालवतोय, इतकंच.

मी आता फ्लीसचे तुकडे वापरते. जुनं फ्लीसचं पांघरूण होतं, डायपरच्या मापाने कापलं. फ्लीसच्या कडा उसवत नाहीत, त्यामुळे शिवायचीही भानगड नाही. ओल खाली पॅडमध्ये जाते, बाळाच्या अंगाला त्यातल्या त्यात कोरडं राहतं. घट्ट शी झटकली की कमोडमध्ये पडते, मग तुकडा डायपरसोबत धुवायचा, बस. फॅब्रिक सॉफ्टनर तेवढा घालू नका, त्याचाही थर बसतो. आणि हो, फ्लीस म्हणजे पॉलिएस्टर, धुताना त्याचे बारीक धागे पाण्यात जातात, हे मला ठाऊक आहे, लगेच शिकवायला येऊ नका. नको असेल तर जुन्या सुती कापडाचा तुकडा घ्या. तो ओला राहतो, लवकर बदलावा लागतो, पण तोही फुकटच आहे.

पाकीटवाल्यांनो, तुम्हाला विकायचंय तर विका. फक्त तीन गोष्टी मोठ्या अक्षरांत छापा: कशाचा बनलाय, धुतल्यावर टिकतो की नाही, आणि कमोडमध्ये टाकू नका. जागा नाही म्हणू नका. अर्ध्या पाकिटाएवढा हसऱ्या बाळाचा फोटो छापायला जागा आहे की.