‘बेस्ट फिट मारा, होते पास’: ट्रू पोझिशनबद्दलच्या सल्ल्याला उत्तर

वर्धा-यवतमाळकडच्या लहान वर्कशॉपांत व्हॉट्सॲपवर एक सल्ला फिरतोय: "एक्स अन् वाय 0.1 च्या आत असले की 0.2 ची ट्रू पोझिशन पास. सीएमएमचं सॉफ्टवेअर आकडा उगाच दुप्पट करते. नाहीच बसलं तर ऑपरेटरले बेस्ट फिट माराले सांगा, होते पास." ट्रू पोझिशन म्हणजे भोकाचं केंद्र ड्रॉइंगवरच्या नेमक्या जागेपासून किती सरकलंय त्याचं माप, आणि सीएमएम म्हणजे जॉबवरचे बिंदू मोजणारं यंत्र (आकडे मिमीत). सल्ल्यातली तिन्ही वाक्यं चुकीची आहेत आणि तिसरं तर महागात पडणारं.

समजा, हब 20 मिमी जाड आहे. 200 पीसीडीवर (भोकांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) 12.2 ते 12.4 ची सहा भोकं, बोल्ट एम12 (12 मिमीचा), पोझिशन 0.2. डेटम म्हणजे माप जिथून धरायचं तो आधार: ए म्हणजे बसणारा फेस, बी म्हणजे मधला बोअर (मधलं भोक).

±0.1 हा 0.2 बाजूचा चौकोन झाला. ड्रॉइंगवर 0.2 च्या आधी व्यासाचं चिन्ह आहे, म्हणजे हद्द गोल आहे. एक्समध्ये 0.09 आणि वायमध्ये 0.08 सरकलेलं भोक चौकोनात बसतं, पण केंद्र 0.12 सरकलेलं असतं आणि पोझिशन 0.241 येते. फेल. भीतीपोटी ±0.07 धरलं, तर 0.09 आणि 0.02 वालं चांगलं भोक (पोझिशन 0.184) भंगारात जातं.

दुप्पट करण्यात लबाडी नाही. केंद्राचं सरकणं त्रिज्येत मोजलं जातं, टॉलरन्स (चालणारी हद्द) व्यासात दिलेला असतो. सीएमएमचं सॉफ्टवेअर पीसी-डीमिस असो की कॅलिप्सो, हिशेब हाच.

आता बेस्ट फिट. त्यात सॉफ्टवेअर सहाही भोकांचा संच हवा तसा सरकवून-फिरवून चूक कमीत कमी दाखवतं. सगळी भोकं बोअरपासून एकाच बाजूला 0.15 सरकली असतील, तर खरी पोझिशन 0.30 असते आणि बेस्ट फिट जवळपास शून्य दाखवतं. रिपोर्ट हिरवा, पण 12.2 च्या भोकात बोल्ट अडू शकतो. मग शेतावर हब बसवताना कोणीतरी कानस घेऊन भोक घासत बसतो. इथे फिरणं रोखणारा तिसरा डेटम सी नाही, म्हणून संच बोअरभोवती फिरवायची मुभा आहे. सरकवायची नाही.

तरी बेस्ट फिटचा रिपोर्ट जरूर काढा, पास करायला नव्हे, दोष शोधायला. ए-बी धरून आकडा मोठा आणि बेस्ट फिटमध्ये लहान, तर जिगचा (ड्रिलला भोकांची जागा दाखवणारा साचा) स्पिगॉट, म्हणजे बोअरमध्ये बसणारा गोल भाग, ढिला आहे किंवा प्रोग्रामचा झिरो सरकलाय. दोन्हीकडे मोठा, तर जिगच्या बुश (ड्रिलला वाट देणाऱ्या नळ्या) झिजल्यात किंवा ड्रिल भरकटतंय.

सवलत हवीच असेल तर ती ड्रॉइंगवर शोधा. 0.2 च्या पुढे वर्तुळातला एम असेल, तर भोक 12.2 पेक्षा जितकं मोठं तितका बोनस, म्हणजे जादा टॉलरन्स. भोक 12.32 असेल तर 0.12 बोनस, हद्द 0.32, आणि वरचं 0.241 वालं भोक रीतसर पास. एम नसेल तर बोनसही नाही. बोनससाठी माप मात्र भोकात बसणाऱ्या सर्वांत मोठ्या पिनचं घ्यायला सांगा. सरासरी वर्तुळ लंबगोल भोकाला फुकटचा बोनस देतं.

मोजतानाही घोळ होतात. तीन बिंदूंतून वर्तुळ नेहमीच अचूक जातं, त्यामुळे एका बिंदूखाली बर (कडेला राहिलेला धातूचा काटा) असली तरी कळत नाही, केंद्र मात्र सरकतं. बर काढा, वर आणि खाली दोन खोलींवर प्रत्येकी आठ बिंदू घ्या आणि सिलिंडर काढा. भोक 0.3 अंश कललेलं असेल तर 20 मिमीत खालचं टोक 0.105 सरकतं, म्हणजे पोझिशनमध्ये 0.21. नुसतं वरचं वर्तुळ मोजणाऱ्याला ते दिसतच नाही.

आणि मे महिन्यात टेम्पोतून 45 अंशांत आलेला स्टीलचा हब थेट टेबलावर चढवू नका. ड्रॉइंगवरचं माप 20 अंश तापमानाचं असतं. 25 अंशांच्या फरकाने 200 चा पीसीडी सुमारे 0.058 वाढतो, तितकीच प्रत्येक भोकाची पोझिशन वाढते. जॉब रात्रभर सीएमएमच्या खोलीत ठेवा, सकाळी मोजा.